मांडीवरची शाळा

आपल्यात एक जुनी म्हण आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या वह्या तपासताना ही म्हण आम्हांस वारंवार आठवते. पाचव्या इयत्तेत येणाऱ्या मुलांपैकी काहींचे वाचन अस्खलित असते. परंतु वाचलेल्याचा अर्थ विचारला म्हणजे ती स्तब्ध होतात. अक्षरे ओळखीची, शब्द मात्र परका. उलट काही मुले अडखळत वाचतात. पण 'उधाण', 'मचूळ', 'ओशाळणे' असा एखादा शब्द आला की त्यांच्या मुद्रेवर ओळखीचे हसू उमटते. तो शब्द त्यांनी पुस्तकात प्रथमच पाहिलेला असला, तरी घरात शंभरदा ऐकलेला असतो. दोघांचा वर्ग एक, शिक्षक एक, पुस्तके एक. मग हा फरक कोठून आला?

या प्रश्नाचा शोध घेता घेता आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर पडलो आणि अखेर दुसऱ्याच एका शाळेपाशी येऊन थांबलो. त्या शाळेस ना घंटा, ना फळा, ना फी. ती शाळा म्हणजे आईची, आजीची किंवा थोरल्या बहिणीची मांडी होय. तिच्याविषयी विद्यार्थी व पालक या उभयतांशी चार शब्द बोलावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या मांडीवरच्या शाळेचे सामर्थ्य किती, याचा दाखला शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. रेवदंड्याच्या समोर, कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याला कोर्लई हे गाव आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या चरणात चौल-रेवदंड्यास आपले बस्तान बसविले आणि १७४० साली हा प्रदेश मराठ्यांच्या स्वाधीन करून ते निघून गेले. राज्यकर्ते गेले, शिपाई गेले, कचेऱ्या ओस पडल्या. पुढे पेशवाई गेली, आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, इंग्रज आले व गेले. आपल्या जिल्ह्याचे नावही १९८१ साली कुलाब्याचे रायगड झाले. इतकी उलथापालथ होऊनही कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज शब्दांवर उभी असलेली एक बोली आजही नांदते आहे. ती बोलणारी माणसे सारी मिळून हजाराच्या आसपास. ती तिला 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', असे म्हणतात. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा अभ्यास करून १९९६ साली तिच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आता विचार करा. या बोलीचे क्रमिक पुस्तक नाही, तिची परीक्षा नाही, तिच्या जोरावर नोकरी मिळत नाही. मग पावणेतीनशेहून अधिक वर्षे तिला कोणी जगविले? ज्या आयांनी व आज्यांनी पाळणा हलविताना, भात भरविताना आणि रागे भरताना ती वापरली, त्यांनीच जगविले. त्यातही एक मौज आहे. या बोलीतील बहुतेक शब्द पोर्तुगीज असले, तरी वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली आहे; मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. घरात एक भाषा व भोवताली दुसरी ऐकत वाढलेल्या मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी, कोणीही न शिकविता, ही जुळणी केली. आपल्या मराठी घरांतही चावी, पाव, बटाटा, साबण, घमेले हे पोर्तुगीज शब्द असेच येऊन बसले आहेत, आणि कोणत्याही आईस ते परके वाटत नाहीत. तात्पर्य, मूल भाषा घेते ती राजाकडून नव्हे, तर जो त्याच्याशी रोज बोलतो त्याच्याकडून.

हे घेणे कसे घडते, ते आता थोडक्यात पाहू. मूल पहिला शब्द उच्चारते ते सामान्यतः वर्षाचे झाल्यावर. पण त्याचे ऐकणे जन्मापूर्वीच सुरू झालेले असते. नुकते जन्मलेले अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करते, असे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळून आले. सहा ते नऊ महिन्यांच्या, म्हणजे अजून एकही शब्द न बोलणाऱ्या बालकांस खाण्याच्या नेहमीच्या पदार्थांची व शरीराच्या अवयवांची काही नावे समजू लागलेली असतात, असे २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले. दीड वर्षाच्या सुमारास पुष्कळ मुलांच्या तोंडी पन्नासएक शब्द येतात, दोन वर्षांच्या सुमारास दोन-तीनशे होतात, आणि मग दोन शब्द जोडून पहिली वाक्ये निघू लागतात. मुलामुलांत फरक असतो, हे मात्र पालकांनी विसरू नये. शेजारच्या मुलाशी तुलना करून उगीच घाबरण्यात अर्थ नाही. परंतु दोन वर्षांचे होऊनही मूल शब्द बोलत नसेल, किंवा हाक मारली असता वळून पाहत नसेल, तर 'बोलेल सावकाश' असे म्हणत न बसता त्याचे कान वेळीच वैद्यांकडून तपासून घ्यावेत. ज्यास ऐकू येत नाही, त्याच्या आडात पाणी कोठून साठणार?

शब्द शिकणे हे काम आपणांस वाटते तितके सोपे नाही. आई अंगणाकडे बोट करून 'काऊ' म्हणते. आता 'काऊ' म्हणजे तो पक्षी, की त्याचा काळा रंग, की त्याचे उडणे, हे बालकाने कसे जाणावे? ज्या वस्तूकडे मूल आधीच टक लावून पाहत आहे, तिचेच नाव त्या क्षणी त्याच्या कानी पडले, तर हा गुंता सुटतो. मुलाचे लक्ष ओढून दुसरीकडे नेऊन शिकविलेल्या शब्दापेक्षा, त्याचे लक्ष जेथे आहे तेथे आपण जाऊन उच्चारलेला शब्द त्याच्या मनात अधिक चांगला ठसतो, असा निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला. आपल्या आज्यांस हे कोणी सांगावे लागत नसे. नातू मांजराकडे पाहू लागला की त्या 'माऊ आली, माऊ दूध प्यायली, माऊ गेली' असे म्हणत. तीन वाक्यांत माऊ तीनदा आली, आणि प्रत्येक वेळी निराळी क्रिया घेऊन आली.

येथे बोबड्या बोलण्याचा प्रश्न उद्भवतो. मुलाशी 'मंमं', 'भूर', 'जोजो', 'बाऊ' असे बोलल्याने त्याची भाषा बिघडते, अशी काही सुशिक्षितांची समजूत असते. पुण्याचे थोर भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतील या लाडक्या बोलीवर एक अभ्यासलेख लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतील चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील अशा बोलण्याची तुलना केली, आणि त्या सहांत मराठीही होती. एकमेकांपासून दूर असलेल्या समाजांतील लोक लहान मुलांशी बोलताना शब्द सोपे करतात, वाक्ये तोकडी करतात, सूर चढवितात आणि तेच तेच पुन्हा म्हणतात, असे दिसून आले. तेव्हा हा काही अडाणीपणा नव्हे. ती शिडीची पहिली पायरी आहे. मात्र पहिल्या पायरीवरच बसून राहणे उपयोगाचे नाही. मूल 'मंमं' म्हणाले तर आईने 'हो, मंमं; गरम गरम भात' असे म्हणावे; काही दिवसांनी 'मऊ भात, वर तूप' असे; आणि पुढे 'भात निवू दे, मग खा' असे. मूल एक पायरी चढले की आपण त्याच्या पुढची पायरी चढावी.

आता बोलणे किती व्हावे, याविषयी पाहू. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात बेटी हार्ट व टॉड रिझली या दोघा संशोधकांनी ४२ कुटुंबांच्या घरी सुमारे अडीच वर्षे दरमहा जाऊन तासभर संभाषण टिपून घेतले, आणि १९९५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. सुस्थितीतील घरांतील मूल चार वर्षांचे होईपर्यंत, अत्यंत गरीब घरांतील मुलापेक्षा सुमारे तीन कोटी शब्द अधिक ऐकते, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा जगभर गाजला. पुढे त्यावर आक्षेपही आले. कुटुंबे थोडी होती. शिवाय मुलाच्या भोवती आजी, मावशी, भावंडे जे बोलतात ते धरले, तर गरीब घरांतही बोलण्याची वाण असतेच असे नाही, असे दुसऱ्या संशोधकांनी दाखविले. आम्हांस हा आक्षेप मोलाचा वाटतो. आमच्या किनाऱ्यावरील झोपड्यांत पैसा थोडा असेल, पण बोलणे थोडे असते असे कोण म्हणेल? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. नुसत्या ऐकलेल्या शब्दांच्या संख्येपेक्षा, मूल व मोठे माणूस यांच्यात किती वेळा बोलण्याची देवाणघेवाण झाली, याचा संबंध मेंदूतील भाषेच्या व्यापाराशी अधिक निकट असल्याचे त्यात दिसले. म्हणजे प्रवचन नव्हे, संवाद हवा. 'बस', 'गप्प', 'हात लावू नको' ही वाक्ये तेथेच संपतात. 'बाबा कोठे गेले रे?' हे वाक्य मात्र उत्तराची वाट पाहते.

या ठिकाणी भ्रमणध्वनीचा विचार करणे प्राप्त आहे. 'आमचे बाळ मोबाईलवर गाणी ऐकते, त्यातून शब्द शिकेलच की,' असे पुष्कळ पालक म्हणतात. २००३ साली पॅट्रिशिया कूल या विदुषीने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. काही बालकांस चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींनी समक्ष खेळवून, बोलून दाखविले. दुसऱ्या काहींस तेच बोलणे पडद्यावर दाखविले. समक्ष ऐकलेल्या बालकांस त्या भाषेतील ध्वनी ओळखता येऊ लागले. पडद्यावर पाहिलेल्यांच्या पदरी काहीच पडले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्लाही ध्यानात ठेवावा: वर्षाच्या आतील बालकास पडदा मुळीच नको, दोन वर्षांपर्यंत शक्यतो नको, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसातून एका तासाहून अधिक नको. पडदा बोलतो खरा, पण तो ऐकत नाही.

येथपर्यंत आम्ही पालकांस उपदेश केला. आता आमचीच एक चूक सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एक कोळी गृहस्थ आपल्या तीन वर्षांच्या मुलास घेऊन आम्हांकडे आले. मुलास इंग्रजी माध्यमात घालावयाचे होते. तयारी काय करावी, असे त्यांनी विचारले. 'घरी जितके होईल तितके इंग्रजीतच बोला,' असे आम्ही ऐटीत सांगून टाकले. दोन वर्षांनी तो मुलगा पुन्हा दृष्टीस पडला. त्यास दहाबारा प्राण्यांची व रंगांची इंग्रजी नावे पाठ होती. परंतु काल तू काय केलेस, असे विचारले असता त्यास कोणत्याच भाषेत धड सांगता येईना. आम्ही त्याच्या आईस बोलावून विचारले. ती माउली खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मला जेवढं इंग्रजी येतं तेवढंच बोलले. बाकीचं मनातच ठेवलं."

'बाकीचं मनातच ठेवलं' हे शब्द आम्ही अद्याप विसरलो नाही. समुद्रावरच्या, बाजारातल्या, सणासुदीच्या, सुखदुःखाच्या हजारो शब्दांची धनीण असलेल्या त्या बाईस आम्ही पन्नास शब्दांची भिकारीण करून ठेवले होते, आणि तिच्या मुलासही. आम्ही तिची क्षमा मागितली व सांगितले, 'बाई, तुम्ही आपल्या कोळी बोलीत, मनात येईल ते त्याच्याशी बोला.' वर्षभरात तो मुलगा हळूहळू मोकळा झाला. एके दिवशी त्याने वर्गात, दोरीवर वाळत घातलेले बोंबील पावसात भिजू नयेत म्हणून घरात कशी धांदल उडाली, ते साभिनय सांगितले. अर्धे शब्द इतर मुलांस नवे होते. त्या दिवशी तो शिक्षक होता.

इंग्रजी शिकू नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आम्ही स्वतः ती भाषा शिकवितो. परंतु ज्या मुलास 'भरती', 'ओहोटी', 'उधाण', 'भांग' यांतील भेद आपल्या बोलीत ठाऊक आहे, त्यास त्यांची इंग्रजी नावे शिकण्यास घटकाभर पुरते. कल्पना त्याच्यापाशी तयार असते, नवे फक्त नाव असते. ज्यास कल्पनाच नाही, तो नाव पाठ करून काय करणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेत असावे, असे म्हटले आहे. घरची भाषा म्हणजे पुस्तकी मराठीच असे नव्हे. आगरी, कोळी, कातकरी या बोली आणि कोर्लईची 'नौ लिंग' याही घरच्याच भाषा आहेत. शाळेची मराठी शाळा शिकवील. आजीची बोली मात्र आजीवाचून कोणी शिकविणार नाही. कोर्लईतही मराठीचा जोर वाढत असून तेथील बोलीस धोका असल्याचे अभ्यासक सांगतात. साम्राज्य गेल्याने जी भाषा मेली नाही, ती घरातील आया मुलांशी बोलेनाशा झाल्या तर एका पिढीत मावळेल.

कोणी म्हणेल, आम्ही कष्टकरी माणसे. मुलाशी बोलत बसण्यास वेळ कोठून आणावा? त्यास आमचे उत्तर असे की, वेगळा वेळ काढण्याची गरजच नाही. काम चालू असता तोंड मोकळे असते. स्वयंपाकघरातील क्रियापदेच पाहा: चिरणे, किसणे, खोवणे, ठेचणे, कुटणे, वाटणे, भरडणे, दळणे. या आठ क्रियांत आठ निराळ्या हालचाली, आठ निराळे आवाज आहेत. जवळ बसलेल्या मुलास त्या नावानिशी दाखविल्या, तर तो एक पाठच झाला. आपण मात्र या साऱ्यांच्या जागी 'कट कर' व 'मिक्सरला लाव' एवढेच म्हणू लागलो, तर मुलाच्या पदरी दोनच येतील. वाडीत गेलात तर एका माडापाशी झावळी, शहाळे, नारळ, सोडण, करवंटी, काथ्या इतके शब्द लोंबत असतात. बाजाराची पाटी उघडली तर मांदेली, बांगडा, करंदी, जवळा, सुरमई, रावस, तिसऱ्या, चिंबोरी अशी हजेरीच लागते. मुलाने 'मासा' म्हटले म्हणजे 'हो, मासा. हा बांगडा, याच्या पाठीवर पट्टे बघ' एवढे म्हणण्यास पाव मिनिटही लागत नाही.

आया कामास गेल्यावर मुलांचे काय, याचा विचार महाराष्ट्रात पूर्वीच झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यास आरंभ केला, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांनी अंगणवाडी उभी केली. १९७५ पासून सरकारी बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर पसरल्या. अंगणवाडीतील ताईंस आपण खाऊ वाटणाऱ्या बाई समजू नये. पुष्कळ बालकांची ती दुसरी मांडी होय. मूल घरी आले म्हणजे 'ताईंनी आज काय सांगितले?' एवढे तरी त्यास विचारावे.

आता विद्यार्थिमित्रहो, तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी धाकटी भावंडे आहेत, आणि आई बाजारास गेली असता ती तुमच्याच कडेवर असतात. तेव्हा तुम्हीही शिक्षक आहात, हे ध्यानात असू द्या. भावंडाने बोबडे उच्चारले तर हसू नका. तोच शब्द नीट उच्चारून पुढे बोला. त्याने शंभरदा 'हे काय?' विचारले, तरी शंभरदा उत्तर द्या. आणि येत्या सुट्टीत एक काम करा. आपल्या आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसून, तुम्हांस ठाऊक नसलेले वीस शब्द त्यांच्याकडून ऐका. जाळ्याचे, शेताचे, मिठागराचे, जात्याचे, कसलेही. ते वहीत अर्थासह लिहा, आणि मग धाकट्या भावंडाशी बोलताना वापरा. शाळा उघडल्यावर त्या वह्या आम्ही आवडीने पाहू.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य यास लिहिलेल्या पत्रात त्याच्या विश्वासाचे मूळ सांगताना कोणा मोठ्या गुरूचे नाव घेतलेले नाही. त्याची आजी लोईस व आई युनीके या दोघींची नावे घेतली आहेत, आणि बालपणापासून त्यास पवित्र शास्त्राची माहिती आहे, याची आठवण दिली आहे. त्या दोघी त्याच्याशी काय बोलल्या, कोणत्या शब्दांत बोलल्या, ते कोठेही नमूद नाही. परंतु त्या बोलल्या, हे निश्चित. आपल्या घरीही कोणी लहानगे असेल. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर मोबाईल बाजूस ठेवून त्यास जवळ घ्यावे, दिवसभरात काय काय झाले ते आपल्या बोलीत सांगावे, आणि मग त्याचे ऐकावे. परमेश्वर त्या बोलण्यास यश देवो.